.२४४ रेमिंग्टन : बारा इंचांच्या पिळाचे प्रकरण

१९५५ साली अमेरिकेतील दोन मोठ्या कारखान्यांनी जवळपास एकाच वेळी ६ मिलिमीटर व्यासाची दोन नवी काडतुसे बाजारात आणली. विंचेस्टरच्या काडतुसाचे नाव .२४३ विंचेस्टर आणि रेमिंग्टनच्या काडतुसाचे .२४४ रेमिंग्टन. नावांत एका हजारांशाचा फरक असला तरी दोन्हींत बसणाऱ्या गोळीचा व्यास एकच, म्हणजे ०.२४३ इंच. दारू मावण्याची जागा रेमिंग्टनच्या पितळी कोशात किंचित अधिक होती आणि कोशाची मानही लांब होती. घरी काडतुसे भरणारे, म्हणजे रीलोडिंग करणारे लोक लांब मानेला पसंती देतात, कारण गोळी तिच्यात सरळ आणि घट्ट बसते. कागदावर पाहिले तर .२४४ हे किमान बरोबरीचे, काहींच्या मते सरसच काडतूस होते. तरीही काही वर्षांतच .२४३ विंचेस्टर अमेरिकेच्या घराघरांत पोहोचले आणि .२४४ मागे पडले. मागे पडण्याचे मुख्य कारण रायफलीच्या नळीत होते : गोळीला फिरकी देणाऱ्या नळीच्या आतील आट्यांना विंचेस्टरने १० इंचांना एक फेरा असा पीळ दिला होता, रेमिंग्टनने १२ इंचांना एक.

हे प्रकरण मी अभ्यासासाठी निवडले, कारण गोळीचे वजन आणि नळीचा पीळ यांचे नाते त्यात अतिशय स्वच्छ दिसते, आणि त्या नात्याविषयीचा एक जुना गैरसमजही त्यातच दिसतो.

रेमिंग्टनचा निर्णय वेडेपणाचा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. या काडतुसाची मुळे कॅलिफोर्नियातील फ्रेड हंटिंग्टन यांच्या एका हौशी प्रयोगात आहेत. रीलोडिंगची अवजारे बनवणाऱ्या आरसीबीएस या उद्योगाचे ते संस्थापक. त्यांनी .२५७ रॉबर्ट्स काडतुसाचा कोश घेऊन त्याची मान ६ मिलिमीटरच्या गोळीसाठी आवळली आणि त्याला .२४३ रॉकचकर असे नाव दिले. रॉकचक हा मार्मोट जातीचा, बिळांत राहणारा प्राणी. अशा लहान प्राण्यांची लांबून शिकार करण्यासाठी हलकी, वेगवान गोळी लागते. रेमिंग्टनने हीच कल्पना उचलून कोशाच्या खांद्याचा, म्हणजे मानेखालच्या उताराचा, कोन थोडा बदलला आणि मॉडेल ७२२ या रायफलीत ते काडतूस आणले. कारखान्याच्या भरणीत दोनच गोळ्या होत्या : ७५ ग्रेनची, सेकंदाला सुमारे ३५०० फूट वेगाची, आणि ९० ग्रेनची, सुमारे ३२०० फूट वेगाची. (एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. आपल्या सोनारांच्या जुन्या गुंजेशी तुलना केली तर गुंजेच्या निम्म्याहून थोडा जास्त.) या दोन गोळ्यांसाठी १२ इंचांचा पीळ पुरेसा होता. हलक्या, पातळ कवचाच्या गोळीला गरजेपेक्षा जास्त फिरवले तर तिच्या घडणीतला लहानसा असमतोलही मोठा होऊन लक्ष्यावर उमटतो, हे नेमबाजांना ठाऊक होते. ३२०० फूट वेगाने निघालेली गोळी १२ इंचांच्या पिळात मिनिटाला १,९२,००० फेरे घेते, ९ इंचांच्या पिळात २,५६,०००. तेव्हा हलक्या गोळीला संथ पीळ देणे हा त्या काळचा सुजाण अभियांत्रिकी निर्णय होता.

विंचेस्टरने मात्र ग्राहकाकडे पाहिले. फील्ड अँड स्ट्रीम या नियतकालिकाचे बंदूक विभागाचे संपादक वॉरन पेज यांच्यासारख्या लोकांनी ६ मिलिमीटरच्या काडतुसाचा पुरस्कार आधीपासून चालवला होता, आणि त्यांच्या मनात एकच रायफल होती जी उन्हाळ्यात मार्मोटसाठी आणि हिवाळ्यात हरणासाठी चालेल. म्हणून विंचेस्टरने ८० ग्रेनच्या जोडीला १०० ग्रेनची गोळी दिली आणि ती स्थिर राहावी म्हणून १० इंचांचा पीळ दिला. हरणासाठी १०० ग्रेन हवेच, असे सामान्य अमेरिकी शिकाऱ्याचे मत होते. ९० ग्रेनच्या गोळीने हरीण पडत नाही असे नाही, पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला ९० आणि १०० या दोन आकड्यांतून एक निवडायचा असेल तर तो कोणता निवडेल हे सांगायला नको.

आता पिळाकडे वळू.

भोवरा फिरत असेपर्यंत आरीवर उभा राहतो आणि गती मंदावली की डोलू लागून आडवा होतो, हे आपण सगळ्यांनी अंगणात पाहिले आहे. नळीतून निघालेल्या लांबट गोळीचेही तसेच आहे. तिच्यावरील हवेचा दाब गुरुत्वमध्याच्या पुढे, नाकाकडे केंद्रित होतो, त्यामुळे हवा तिला सतत उलटी करू पाहते. नळीच्या आतील आट्यांनी दिलेली फिरकी या उलटवण्याला विरोध करते. भोवरा जितका उंच आणि सडपातळ तितका तो उभा ठेवायला जास्त फेरे लागतात, आणि गोळीचाही नियम तोच : व्यासाच्या मानाने ती जितकी लांब तितका पीळ घट्ट हवा, म्हणजे एक फेरा कमी इंचांत पुरा व्हायला हवा.

१८७९ मध्ये इंग्लंडमधील वूलविच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी यासाठी एक सोपे सूत्र दिले. गोळीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्याला लांबीने भागावे आणि १५० ने गुणावे. उत्तर म्हणजे एका फेऱ्याला लागणारे इंच. वेग सेकंदाला २८०० फुटांच्या वर असेल तर १५० ऐवजी १८० घेण्याचा प्रघात नंतर पडला. शिसे भरून तांब्याचे कवच चढवलेल्या गोळीसाठी हे सूत्र आजही ढोबळ अंदाज बरा देते. ०.२४३ इंच व्यासाला ते १८० धरून लावून पाहावे : गोळी ०.८० इंच लांब असेल तर १३.३ इंचांचा पीळ पुरतो, ०.९० इंच असेल तर ११.८ इंचांचा, आणि १ इंच असेल तर १०.६ इंचांचा. रेमिंग्टनचे १२ आणि विंचेस्टरचे १० या दोन्ही आकड्यांमागचा हिशेब या तीन उत्तरांत दिसतो.

या सूत्रात गोळीचे वजन कुठेच नाही, याकडे लक्ष द्यावे. व्यास आहे आणि लांबी आहे. २००५ मध्ये डॉन मिलर यांनी मांडलेल्या अधिक अचूक नियमात वजन येते, पण बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट बाजूने येते. मिलर यांचा नियम एक स्थैर्यांक देतो. वजनाचे ग्रेन गुणिले ३० हा त्याचा अंश. पिळाच्या इंचांचा वर्ग, गोळीचा व्यास, व्यासाच्या पटीत मोजलेली लांबी आणि त्याच लांबीच्या वर्गात एक मिळवून येणारी संख्या, या चारांचा गुणाकार हा छेद. उत्तर १ च्या खाली आले तर गोळी हवेत उलटी होते. १ ते सुमारे १.३ या दरम्यान ती कशीबशी तरते, आणि १.५ किंवा त्याहून अधिक आले तर निर्धास्त राहावे. वजन अंशात आहे, म्हणजे लांबी तीच ठेवून गोळी जड केली तर ती अधिक स्थिर होते. लांबी छेदात आहे आणि तीही जवळजवळ घनाच्या प्रमाणात. जड गोळीला घट्ट पीळ लागतो असे आपण म्हणतो ते केवळ यासाठी की एकाच व्यासात वजन वाढवायचे तर गोळी लांबच करावी लागते. वजन हे लांबीचे सोयीचे टोपणनाव आहे, आणि .२४४ च्या प्रकरणात घोटाळा या टोपणनावानेच केला.

आकडे घेऊन पाहू. लांबी प्रत्येक बनावटीत वेगळी असते, म्हणून खालच्या लांब्या नमुन्यादाखल धरल्या आहेत. वेग २८०० फूट, समुद्रसपाटी आणि १५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत आहे. प्रत्यक्षातील वाढीव वेगामुळे या आकड्यांत साधारण दोन ते आठ टक्के भर पडेल. १२ इंचांच्या नळीत ०.८० इंच लांबीच्या ७५ ग्रेन गोळीचा स्थैर्यांक १.६५ येतो. ०.९० इंचाच्या ९० ग्रेन गोळीचा १.४२ येतो. म्हणजे कारखान्याने ज्या दोन गोळ्या दिल्या त्या खरोखरच त्या नळीला साजेशा होत्या, दुसरी जराशी काठावर असली तरी. आता १०० ग्रेन घेऊ. गोल नाकाची, आखूड, ०.८८ इंचाची गोळी असेल तर १.६८ येतो, म्हणजे ७५ ग्रेनच्या गोळीपेक्षाही किंचित चांगला. टोकदार पण सपाट बुडाची, ०.९५ इंचाची असेल तर १.३५. टोकदार आणि मागे निमुळती, पूर्ण १ इंचाची असेल तर १.१६. आणि १०५ ग्रेनची १.०५ इंच लांब गोळी घेतली तर १.०६, म्हणजे उलटण्याच्या अगदी उंबरठ्यावर. शेवटच्या दोन गोळ्या विंचेस्टरच्या १० इंचांच्या नळीतून झाडल्या तर अनुक्रमे १.६७ आणि १.५३ येतात.

वजन तेच १०० ग्रेन असताना स्थैर्यांक १.१६ पासून १.६८ पर्यंत कुठेही असू शकतो, हे एकदा ध्यानात आले की त्या काळच्या परस्परविरोधी अनुभवांचे कोडे सुटते. .२४४ ची रायफल १०० ग्रेनची गोळी सांभाळू शकत नाही अशी ख्याती झाली, आणि दुसरीकडे आमची रायफल तर सांभाळते असे सांगणारे मालकही थोडे नव्हते. दोघेही खरे सांगत होते, फक्त ते वेगवेगळ्या आकाराच्या गोळ्यांबद्दल बोलत होते.

हवेचाही यात हात होता. स्थैर्यांक हवेच्या घनतेच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते की तोच अंक साधारण एक पंचमांशाने वाढतो. उलट उणे २० अंशांच्या थंडीत तो सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. म्हणजे रॉकी पर्वताच्या उतारावर १.१६ चा १.४ होईल आणि तोच माणूस समुद्राजवळच्या मैदानी राज्यात कडाक्याच्या हिवाळ्यात गेला तर १.०२ उरेल. हरणांच्या शिकारीचा हंगाम थंडीत असतो, ही गोष्ट रेमिंग्टनच्या विरोधात गेली असणार असे मला वाटते. हा प्रश्न अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलीलाही आला : सुरुवातीचा १४ इंचांचा पीळ अतिथंड, दाट हवेत कमी पडतो असे दिसल्यावर १९६३ मध्ये तो १२ इंच करण्याचे ठरले.

काठावरची गोळी नेहमी आडवी होऊन कागद फाडते असे नाही, आणि म्हणूनच ती फसवते. स्थैर्यांक १ च्या खाली गेला तर लक्ष्याच्या कागदावर गोल छिद्राऐवजी लांबट, गोळी आडवी घुसल्याची खूण दिसते आणि दोष उघड होतो. पण १.१ ते १.३ च्या पट्ट्यात छिद्रे बहुधा गोलच पडतात. गोळी नळीबाहेर पडताच थोडी डोलते, तिचा हवेतील अवरोध वाढतो, आणि छिद्रांचा घोळका सैल होतो. रीलोडिंग करणारा मग दारूला दोष देतो, प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बदलतो, गोळी किती खोल बसवावी याचे प्रयोग करतो, दुर्बिणीचे स्क्रू आवळतो. हे सगळे करून झाल्यावरही जे सुटत नाही ते नळीच्या पिळात असते.

सर्वांत घातक मोह दारू वाढवण्याचा. वेग वाढला की फिरकी वाढेल आणि गोळी सरळ होईल, असा तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण वेगाबरोबर गोळीला उलटवणारा हवेचा जोरही त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे मिलर यांच्या हिशेबात वेगाचा परिणाम केवळ घनमुळाएवढा उरतो. वेग २८०० वरून ३१०० फुटांवर नेला तरी स्थैर्यांक जेमतेम साडेतीन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे १.१६ चा १.२० होतो. त्या चार शतांशांसाठी काडतुसातील दाब मात्र धोक्याच्या पातळीपर्यंत जाऊ शकतो. जड गोळीसाठी मुळात हलक्या गोळीपेक्षा कमी दारू लागते, आणि ती किती हे गोळी बनवणाऱ्याच्या किंवा दारू बनवणाऱ्याच्या छापील पुस्तिकेतच पाहायचे, सुरुवात तिथल्या किमान आकड्यापासूनच करायची. पिळाची उणीव दारूने भरून निघत नाही, हे वाक्य मी रीलोडिंगच्या प्रत्येक बाकावर चिकटवायला सांगेन.

रेमिंग्टनने चूक ओळखली. १९५८ च्या सुमारास .२४४ च्या नळ्यांचा पीळ ९ इंच करण्यात आला. या पिळात पूर्ण १ इंच लांबीच्या १०० ग्रेन गोळीचा स्थैर्यांक २.०७ येतो, म्हणजे विंचेस्टरपेक्षाही भक्कम. हलक्या ७५ ग्रेन गोळीचा तो २.९ च्या पुढे जातो, आणि जास्त फिरकीने ती बिघडेल ही मूळची भीती व्यवहारात फारशी खरी ठरली नाही. शिकारीच्या अंतरांवर तो फरक कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. माझ्या मते मूळ निर्णयातला खरा दोष इथे होता : घट्ट पिळाचा तोटा बारीक आणि सैल पिळाचा तोटा ठसठशीत, तरी दोन्ही एकाच तराजूत सारख्या वजनाने तोलले गेले.

दुरुस्ती झाली पण नाव तेच राहिले, आणि नावाला चिकटलेली ख्यातीही राहिली. शेवटी १९६३ मध्ये कारखान्याने तेच काडतूस ६ मिलिमीटर रेमिंग्टन या नव्या नावाने, १०० ग्रेनच्या भरणीसह आणि ९ इंचांच्या पिळासह आणले. कोशाची मापे तीच आहेत, त्यामुळे ६ मिलिमीटर रेमिंग्टनचे काडतूस .२४४ च्या रायफलीत बसते आणि झाडता येते. (.२४३ विंचेस्टर हे मात्र वेगळ्या कोशाचे, .३०८ विंचेस्टरपासून घडवलेले काडतूस आहे, त्याची या दोघांशी अदलाबदल कधीही करू नये.) तोवर आठ वर्षे गेली होती. .२४३ ने घेतलेली आघाडी या नव्या नावाला कधीच भरून काढता आली नाही.

या सगळ्याचा उपयोग आज कोणाला, असा प्रश्न मराठी वाचकाला पडू शकतो. आपल्याकडील नेमबाजीच्या खेळात तो फारसा येत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले त्या ५० मीटर प्रकारांत .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारे) काडतूस वापरतात. त्याची गोळी बहुधा ४० ग्रेनची, नळीचा पीळ बहुधा १६ इंचांचा आणि काडतूस पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे गोळी आणि पीळ यांची जोडी कारखान्यातच जुळलेली असते. अमेरिकेत मात्र जुनी मॉडेल ७२२ आजही वारशाने किंवा जुन्या बाजारातून हाती येते, आणि तिच्या नळीवर .२४४ एवढेच कोरलेले असते. ती १२ इंचांची आहे की ९ इंचांची, हे त्या कोरीव अक्षरांवरून कळत नाही.

ते मोजावेच लागते, आणि मोजणे सोपे आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घ्यावी आणि बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, काढून ठेवावा. साफसफाईच्या गजाला, ज्याची मूठ मोकळी फिरते अशा गजाला, कापडाचा घट्ट तुकडा लावून तो नळीत थोडा आत घालावा. तोंडाशी गजावर एक उभी खूण आणि एक आडवी खूण करावी, मग गज सावकाश पुढे ढकलत उभी खूण पूर्ण एक फेरा घेऊन पुन्हा वर येईपर्यंत न्यावा. आडवी खूण जितके इंच पुढे सरकली तितका नळीचा पीळ. कापड घसरते, म्हणून हे तीन-चार वेळा करून जुळणारे उत्तर धरावे. त्यानंतर गोळ्यांची खोकी वजनाने न निवडता कॅलिपरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या अवजाराने, एकेका गोळीची लांबी मोजून निवडावीत.

हे मोजणे आता पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्णपणे बंद झाल्या आणि शिकारी भरीव तांब्याच्या गोळ्यांकडे वळले. तांब्याची घनता शिशापेक्षा कमी असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. समजा ८५ ग्रेनची तांब्याची गोळी ०.९५ इंच लांब आहे, तर १२ इंचांच्या नळीत तिचा स्थैर्यांक १.१४ येतो. तेवढ्याच लांबीच्या १०० ग्रेनच्या शिशाच्या गोळीचा १.३५ येत होता. म्हणजे हलकी गोळी जड गोळीपेक्षा वाईट वागेल, आणि वजनाच्या आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस ८५ पाहून निर्धास्त होईल. प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्यांत हिशेब पुन्हा वेगळा : टोकाने लांबी वाढते पण वस्तुमान जवळजवळ वाढत नाही, म्हणून साध्या सूत्राने येणारा अंक प्रत्यक्षापेक्षा थोडा निराशाजनक असतो, आणि अशी गोळी झाडून पाहिल्याशिवाय नाकारू नये.

१२ इंचांचीच नळी निघाली तर मी तिच्या मालकाला सपाट बुडाच्या, ८० ते ९० ग्रेनच्या, शिशाच्या गाभ्याच्या गोळ्या सुचवीन, आणि १०० ग्रेनचाच हट्ट असेल तर गोल नाकाची. जिथे शिसे चालत नाही तिथे तांब्याची शक्य तितकी आखूड गोळी घ्यावी, थोड्या गोळ्या भराव्यात, ज्या थंडीत आणि ज्या उंचीवर शिकार करायची त्याच हवेत त्या झाडून पाहाव्यात, आणि कागदावरचे प्रत्येक छिद्र गोल आहे का ते जवळ जाऊन पाहावे. नळी बदलण्याचा सल्ला मी सहसा देणार नाही. जी गोळी डोळ्यांपुढे ठेवून ती नळी घडवली होती, त्या गोळीशी तिचे आजही उत्तम जमते.